परवाना वैध होता, तरीही...

बोस्टन : लहान मुलाला गोळी गिळता येत नाही, कुणाला औषधातल्या रंगाची अ‍ॅलर्जी असते, कुणाला हवा तो डोस बाजारात मिळत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून त्या रुग्णापुरतं औषध बनवून देतात त्या कंपाउंडिंग फार्मसी. गरज खरी आहे; पण असं औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) मंजूर केलेलं नसतं.

महाराष्ट्रात औषध दुकानाचा परवाना राज्याचं एफडीए देतं. अमेरिकेत मात्र एफडीए हे केंद्राचं खातं, आणि फार्मसीचा परवाना प्रत्येक राज्याचं बोर्ड ऑफ फार्मसी देतं. या दोघांच्या मधली फट किती जीवघेणी आहे, हे 2012 साली बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये दिसलं. तिथल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने पाठदुखीवरची स्टिरॉइडची इंजेक्शनं हजारोंनी बनवून अनेक राज्यांत पाठवली. त्यांत बुरशी होती. मेंदूज्वर आणि इतर संसर्ग होऊन 20 राज्यांत साडेसातशेहून अधिक लोक आजारी पडले. केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या नोंदीनुसार 64 दगावले. एफडीएच्या पथकाने पाहिलेल्या 321 कुप्यांपैकी 83 कुप्यांत हिरवट-काळे कण होते. एफडीएने 2006 मध्येच या कंपनीला ताकीद दिली होती. परवाना मात्र चालूच राहिला.

यानंतर 2013 च्या कायद्याने अशी औषधं बनवणाऱ्यांचे दोन गट पाडले. चिठ्ठीवर औषध बनवणाऱ्या फार्मसीवर मुख्यतः राज्याची देखरेख. रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठीशिवाय निर्जंतुक औषधं मोठ्या प्रमाणावर बनवायची तर ‘आउटसोर्सिंग फॅसिलिटी’ म्हणून एफडीएकडे नोंदणी आणि औषध कारखान्याचे नियम.

पडताळणी कुणालाही करता येते. बोर्डाच्या संकेतस्थळावर फार्मसीचं नाव टाका. परवाना चालू आहे की निलंबित, मुदत कधी संपते, हे दिसतं. तेवढ्यावर थांबू नका; शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, तेही शोधा. औषध दुसऱ्या राज्यातून टपालाने येत असेल, तर दोन्ही राज्यांच्या नोंदी पाहा, कारण बहुतेक राज्यं बाहेरच्या फार्मसीकडूनही परवाना मागतात. आउटसोर्सिंग फॅसिलिटींची यादी आणि त्यांच्या तपासण्यांची माहिती एफडीए स्वतः प्रसिद्ध करतं.

ज्यांची मुलंबाळं इथे अमेरिकेत आहेत, त्या वाचकांना कळकळीची विनंती : अशा फार्मसीतून वजन घटवण्याचं स्वस्त इंजेक्शन घरपोच मागवण्याआधी ते कुणी बनवलं, हे त्यांना विचारायला लावा. उत्तर मिळालं नाही, तर ते इंजेक्शन घेऊ नये.