यकृताच्या वाटेवरचे आंबट राखणदार

पावसाळ्यात संगमनेर-राहुरीकडच्या एखाद्या गोठ्यात मक्याच्या भरड्याचे पोते उघडावे आणि कुबट वास नाकात शिरावा. तळाचा भरडा ढेकळासारखा घट्ट झालेला, त्यावर हिरवट-पिवळी भुकटी. ही अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशी. ती झटकता येते. पण तिने दाण्यात सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही जात नाही.

1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्या मरीचा माग काढताना शेंगदाणा पेंडीत हे विष सापडले. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. घाव बसतो तो यकृतावर. विषाचा निचरा करणारी यकृतातली विकरेच अफ्लाटॉक्सिन बी-1 ला अधिक जहाल रूप देतात. ते डीएनएला चिकटते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढवते.

गाईने खाल्लेल्या विषाचा थोडा अंश एम-1 या रूपात दुधात उतरतो. एका किलो दुधात 0.5 मायक्रोग्रॅम ही त्याची भारतातली मर्यादा. 2018 च्या देशव्यापी तपासणीत 6,432 पैकी 368 नमुन्यांनी ती ओलांडली होती. अहिल्यानगरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात पेंडीचे पोते कोरडे ठेवणे म्हणूनच लाखमोलाचे आहे.

नवल असे, की या विषाला धरून ठेवणारे जिवाणू दह्या-ताकाच्याच कुळातले आहेत. 1983 मध्ये माणसाच्या आतड्यातून वेगळा केलेला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी त्यांपैकी एक. फिनलंडमधल्या प्रयोगांत त्याने द्रवातले सुमारे 80 टक्के बी-1 स्वतःच्या पेशीभित्तिकेला चिकटवून घेतले. उष्णतेने मारलेल्या जिवाणूंनीही हेच केले! म्हणजे इथे पचवणे नाही, पकडणे आहे. पकडलेले विष मळावाटे बाहेर पडले, तर यकृतापर्यंत कमी पोहोचते. चीनमधल्या ग्वांगझू येथे 90 तरुणांवर पाच आठवडे प्रयोग झाला. अशाच जिवाणूंचे मिश्रण घेणाऱ्यांच्या लघवीत डीएनएला झालेल्या इजेची खूण कमी आढळली. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत उंदरांना असे आंबवलेले दूध दिल्यावर यकृताला संरक्षण मिळाल्याचे दिसले.

तरी प्रत्येक वाणाची पकड सारखी नसते आणि ती सुटूही शकते. वाटीभर ताक हा बुरसलेल्या भाकरीवरचा उतारा नव्हे.

याच कुळाचे जिवाणू आपल्या मुरघासातही राबतात. मक्याची कुट्टी दाबून हवा काढली, प्लॅस्टिकने घट्ट झाकली, की ते आम्ल तयार करतात आणि सामू 4 च्या आसपास उतरतो. हवेवाचून बुरशीही वाढत नाही. दीडेक महिन्याने सोनेरी, आंबूस-गोड वासाचा चारा हाती येतो. मात्र आधीच मक्यात शिरलेले विष मुरघासाने जाईल, असा भरवसा धरू नये. कडेला काळपट-पांढरी बुरशी दिसली, तर तो भाग काढून टाकावा; गाईपुढे ठेवू नये. राखणदार कितीही इमानी असला, तरी चोराला दार आपणच उघडून देऊ नये.