रेडिएटरची स्मार्ट झडप आणि खोलीनिहाय तापमान नियंत्रण

युरोपातील थंड देशांत बॉयलरमध्ये तापविलेले पाणी नळांवाटे प्रत्येक खोलीतील रेडिएटरमध्ये खेळवून घर उबदार ठेवले जाते. डेन्मार्कमधील मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये विकसित केलेल्या स्वयंचलित झडपेत उष्णतेने प्रसरण पावणारा घटक पाण्याचा प्रवाह कमी करतो. स्मार्ट झडपेत हेच कार्य तापमान संवेदक व बॅटरीवर चालणारी लहान मोटर करते. अशी स्वयंचलित झडप आधीपासून असल्यास केवळ तिचे शीर्ष बदलावे लागते, पाणी काढावे लागत नाही. मात्र जोडणीचे आटे जुळणे आवश्यक असते.

तथापि झडप फक्त प्रवाह रोखते. तिचा बॉयलरशी संपर्क नसल्यास, सर्व खोल्या पुरेशा तापल्यानंतरही बॉयलर चालू राहू शकतो आणि इंधन वाया जाते. सर्व झडपा मिटल्या तरी पाण्याला एक मार्ग मोकळा ठेवणेही अनेक यंत्रणांत अनिवार्य असते. तसेच न वापरलेली खोली अगदी थंड ठेवल्यास भिंतींवर ओल व बुरशी येते. यास्तव अशा खोलीत तापमान कमी ठेवावे, उष्णता पूर्णतः बंद करू नये.