टेप निवडावा बॅटरी पाहून

कॅसेटचा जमाना संपून कितीतरी वर्षं झाली, तरी कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर ट्रकमधल्या स्टिरिओला अजून ‘टेप’च म्हणतात. रसायनी-पाताळगंगेतून माल भरून जेएनपीटीकडे निघालेला, खोपोलीहून बोरघाट चढणारा किंवा कर्जतच्या गिरणीतला तांदूळ पोहोचवणारा चालक दिवसाचे कितीतरी तास कॅबिनमध्ये एकटा असतो. त्याच्या लेखी टेप ही चैन नसते, सोबत असते. म्हणून दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीतला टेप बंद पडला की तो लगेच बदलला जातो, आणि बहुतेक वेळा घाईत बदलला जातो. दुकानात प्रश्न विचारले जातात ते एवढेच : किती वॉटचा, किती इंची स्क्रीनचा, केवढ्याला. जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा तो राहूनच जातो : माझ्या गाडीतली वीज या टेपला मानवेल का? जुन्या ट्रकमध्ये टेपच्या बहुतेक तक्रारींचं मूळ टेपमध्ये नसतं, त्याच्यामागच्या तारांत आणि बॅटरीत असतं. त्यामुळे टेपची निवडही तिथूनच सुरू व्हायला हवी. या बाबतीत जे गैरसमज पक्के बसले आहेत, ते एकेक करून तपासू.

गैरसमज : टेप बारा व्होल्टचा आहे, दोनपैकी एका बॅटरीवरून लाइन घेतली की झालं.

वस्तुस्थिती : सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. छोटा हत्ती, पिकअप, ४०७ या गाड्या साधारणपणे १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनाला सेल्फ मारायला फार ताकद लागते, म्हणून तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. गाडी चालू असताना डायनामो सुमारे २८ व्होल्ट देतो. बाजारात मिळणारे बहुतेक टेप मात्र कारसाठी बनलेले असतात. पायोनिअरच्या पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे यंत्र १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहे, ट्रक किंवा बसमध्ये बसवण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज तपासावा. असा टेप थेट २४ व्होल्टवर जोडला तर तो जळेल हे कुणालाही कळतं. म्हणून सोपा उपाय केला जातो. बॉडीला जोडलेल्या बॅटरीवरून १२ व्होल्टची लाइन काढायची. टेप लगेच वाजतो, म्हणून तो उपाय बरोबर वाटतो.

आता याचा हिशेब मांडून पाहू. सुट्टीच्या दिवशी द्रुतगती मार्गावर अवजड वाहनं थांबवली की ट्रक तासन्‌तास रस्त्याकडेला उभे राहतात. इंजिन बंद, टेप चालू. टेप ३ अँपिअरने चालला तर आठ तासांत २४ अँपिअर-अवर वीज खर्च होते. १२० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा हा पाचवा हिस्सा झाला, आणि तो एकाच बॅटरीतून गेला. दुसरी भरलेलीच राहिली. इंजिन सुरू झालं की डायनामोचा करंट दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच वाहतो, कारण त्या एकाच माळेत आहेत. रेग्युलेटरला दोघींची मिळून बेरीज तेवढी दिसते. कोण भुकेली आणि कोण भरलेली हे त्याला कळत नाही. त्यामुळे भरलेल्या बॅटरीत गरजेपेक्षा जास्त चार्ज जातो, तिचं पाणी आटतं, झाकणाभोवती आम्लाचे डाग पडतात. टेपची बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट साचत जातं. काही महिन्यांत दोन्ही कामातून जातात, आणि दोष दिला जातो बॅटरीच्या कंपनीला.

“आमची गाडी अशीच चार वर्षं चालली” असं यावर कुणीही म्हणू शकतं, आणि ते खोटं असेलच असं नाही. टेप फक्त इंजिन चालू असताना वाजवला, तेही थोडाच वेळ, तर बिघाड हळूहळू होतो. पण हळू होणारं नुकसान हेही नुकसानच, आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्यांची किंमत साध्या टेपच्या कितीतरी पट असते. योग्य मार्ग दोन आहेत. एक, २४ व्होल्टवरच चालेल असं ज्यावर कंपनीने लिहिलं आहे तो टेप घेणं. दुसरा, २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवणं, म्हणजे भार दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा पडतो. टेपला १० अँपिअरचा फ्यूज असेल तर कन्व्हर्टरही सतत १० अँपिअर देऊ शकणारा हवा. व्होल्टेज पाडण्यासाठी मध्ये रेझिस्टन्स किंवा बल्ब घालण्याची युक्ती मात्र टाळावी. आवाज वाढवला की टेप जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज खाली जातो, कमी केला की तो वर चढतो. अशा झोक्यावर कुठलंही यंत्र टिकत नाही. आणि गाडीत दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे ती २४ व्होल्टचीच, असंही धरून चालू नये, कारण काही गाड्यांत त्या समांतर जोडून १२ व्होल्टच ठेवलेले असतात. वायरमनकडचा मीटर लावला की एका मिनिटात शंका मिटते.

गैरसमज : डब्यावर जास्त वॉट, तेवढा मोठा आवाज.

वस्तुस्थिती : डब्यावरचा ‘४ × ५०’ हा आकडा कुठून येतो ते पाहिलं की त्याचं वजन कळतं. टेपला मिळतात जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट आणि स्पीकर असतो ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा : ५१.८ येतात. संगीताऐवजी पूर्ण दाबाची चौकोनी लाट स्पीकरवर टाकली तरच एवढी शक्ती निघेल, आणि तिला गाणं म्हणता येणार नाही, ती निव्वळ भरड फाटलेली घरघर असेल. टेपच्या पुस्तिकेत मागच्या पानावर बारीक अक्षरात खरा आकडा असतो : पायोनिअरच्या अशा टेपसाठी तो ५ टक्के विकृतीसह दर स्पीकरला २२ वॉट असा दिलेला असतो. आतमध्ये वेगळा अॅम्प्लिफायर नसेल, तर १२ व्होल्टवर चालणाऱ्या कुठल्याही साध्या टेपला याच्या फार पुढे जाता येत नाही. तेव्हा एका डब्यावर ५० आणि दुसऱ्यावर ६० लिहिलं असेल, तर त्या दहा वॉटसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मग काही टेप खरंच मोठे का वाजतात? कारण फरक बहुतेक वेळा स्पीकरचा असतो. स्पीकरच्या पुस्तिकेत संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच विजेत जेवढा आवाज मिळतो, तेवढा जुन्या स्पीकरमधून काढायला दुप्पट वॉट लागतील. जुन्या ट्रकचे कागदी शंकूचे स्पीकर तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दारातून झिरपलेलं पाणी पिऊन लुळे पडलेले असतात. माथेरानच्या पायथ्याला गाडी ठेवणाऱ्याने प्लास्टिकच्या शंकूचे स्पीकर घ्यावेत आणि दाराचं पाणी खाली उतरण्याची भोकं मोकळी ठेवावीत. ठरलेल्या पैशांत टेप थोडा साधा आणि स्पीकर चांगले घेतले, तर कानाला फायदा जास्त होतो.

गैरसमज : अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकर शिट्टी मारतो, म्हणजे टेप खराब.

वस्तुस्थिती : इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी ती शिट्टी डायनामोची असते. टेपची काळी तार जिथे बॉडीला जोडली आहे तिथे गंज किंवा रंग असेल, तर अर्थ कच्चा राहतो आणि ती कुरकुर आवाजात मिसळते. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, वॉशर घालून बोल्ट घट्ट केला की बहुतेक शिट्ट्या बंद होतात. हे न करता टेप बदलला तर नवा टेपही तीच शिट्टी वाजवतो.

जुन्या गाडीत याहून मोठा धोका स्पीकरच्या तारांचा आहे. पूर्वीच्या काही टेपमध्ये स्पीकरची एक तार बॉडीला जोडलेली चालत असे, त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये तशी जोडणी सापडू शकते. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांत आवाज वाहतो. त्यांतली एकही बॉडीला टेकता कामा नये. टेकली तर आतली आयसी जाते आणि तसा टेप वॉरंटीतही बसत नाही. म्हणून स्पीकरला नव्या दोन-दोन तारा ओढाव्यात : पांढरी पुढे डावीकडे, करडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे, काळी रेघ असलेली तार त्या-त्या स्पीकरची उणे बाजू. पिवळी तार कायमच्या विजेची, लाल किल्लीची. या दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीला बांधल्या तर किल्ली काढल्यावरही टेप चालू राहू शकतो आणि रात्रभर बॅटरी खातो. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या चांदीने तो बांधण्याची सवयही सोडायला हवी. फ्यूज टेपला वाचवतो त्याहून जास्त कॅबिनला आगीपासून वाचवतो.

गैरसमज : घाटात रेडिओ खरखरतो, म्हणजे टेप हलका.

वस्तुस्थिती : एफएमच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की त्या अडतात किंवा कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात. बोरघाटात तर आणखी एक गोष्ट घडते. रेडिओ मिर्ची मुंबईतही ९८.३ वर आहे आणि पुण्यातही ९८.३ वर. एफएमचा रेडिओ दोहोंपैकी ज्याचा जोर जास्त तो पकडतो, त्यामुळे वळणागणिक कधी या शहराचा निवेदक बोलतो, कधी त्या. महागडा टेप डोंगर हलवू शकत नाही. हातात असतो तो अँटेना. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, म्हणून तिच्या पाव लांबीचा, म्हणजे साधारण ७५ सेंटीमीटरचा उभा अँटेना उत्तम काम देतो. त्याच्या बुडाचा गंज काढणं आणि तुटलेली केबल बदलणं यानेच चौक-खालापूरच्या सपाटीवरचा रेडिओ सुधारतो. स्वस्त कन्व्हर्टरही रेडिओत खरखर घालतो, म्हणून तो अँटेनाच्या केबलपासून लांब बसवावा.

गैरसमज : मोठी स्क्रीन म्हणजे चांगला टेप.

वस्तुस्थिती : जुन्या डॅशबोर्डमधली खाच बहुधा एक-डिनची असते : १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. दोन-डिनला उंची १०० लागते, आणि त्यासाठी डॅशबोर्ड कापला की त्याची मजबुती जाते. खड्ड्यांचा मार, धूळ आणि ओल सोसायला सीडीची यंत्रणा नसलेला, बटणांचा, ब्लूटूथ-यूएसबीचा एक-डिन टेप जास्त टिकतो. मागून पट्टीचा आधार दिला तर आणखी टिकतो.

गैरसमज : रात्री आवाज मोठा ठेवला की झोप लागत नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज पैशांच्या नाही, जिवाच्या हिशेबातला आहे. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातल्या रेनर आणि हॉर्न यांनी १९९८ मध्ये पेंगुळलेल्या चालकांवर रेडिओ आणि गार वारा या दोन्ही उपायांचा प्रयोग केला. दोन्हींचा परिणाम तात्पुरता आणि किरकोळ निघाला. त्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या आतली डुलकी किंवा कॉफी जास्त उपयोगी पडते, हे त्यांच्याच अभ्यासांतून दिसलं होतं. कुणी म्हणेल, गाण्याने निदान कंटाळा तरी जातो. जातो, आणि तेवढ्यासाठी टेप हवाच. पण कंटाळा जाणं आणि झोप जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय खंडाळ्याहून खोपोलीकडे भरलेली गाडी उतरवताना ब्रेकची हवा कमी झाली, तर सांगणारा बझर कॅबिनमध्येच वाजतो. टायरचा, गिअरचा, मागून येणाऱ्या हॉर्नचा आवाजही त्याच कानांनी ऐकायचा असतो. ज्या आवाजात बझर बुडतो, तो आवाज घाटात मोठाच.

एवढं सगळं पाहिल्यावर कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी मीटर लावून व्होल्टेज पाहायचा, मग अर्थ घासायचा, गरज असेल तर कन्व्हर्टर आणि फ्यूज बसवायचा, मग स्पीकर आणि त्यांच्या नव्या तारा, आणि उरलेल्या पैशांत टेप. वायरमन याला तासभर जास्त घेईल आणि मजुरीही जास्त मागेल. ती द्यावी, कारण त्या तासातच टेपचं आणि बॅटऱ्यांचं आयुष्य ठरतं. शीळफाट्यावर रात्र काढून पहाटे किल्ली फिरवली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं, तर समजावं की टेप नीट बसला आहे.