भट्टी नको, ओव्हन नको : नाताळसाठी घरचं चॉकलेट

दिवाळीचा फराळ विकून झाला की आपल्या बचत गटांचं काम संक्रांतीपर्यंत थंडावतं. पण मध्ये २५ डिसेंबरला नाताळ असतो. नाशिकला शरणपूर, नाशिकरोड भागात ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आता तर शाळा-अंगणवाडीतल्या मुलांनाही त्या दिवशी गोड हवं असतं. केकला ओव्हन लागतो, चॉकलेटला लागत नाही. शिवाय डिसेंबरात निफाडकडची थंडी आपण जाणतोच. ती इथे कामाला येते.

बेकरी सामानाच्या दुकानात ‘डार्क कंपाउंड’ची लादी मिळते. यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचा स्निग्ध अंश असतो. म्हणून ती नुसती वितळवून साच्यात ओतली तरी नीट घट्ट होते.

साहित्य : कंपाउंड ४०० ग्रॅम, मनुका १०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम. मनुका तर आपल्या द्राक्षपट्ट्यातल्याच. त्या आदल्या दिवशी धुऊन उन्हात पूर्ण कोरड्या करा. शेंगदाणे गार होऊ द्या.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. वर दुसरं कोरडं पातेलं असं ठेवा, की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यात कंपाउंड बारीक चिरून घाला, हलक्या हाताने ढवळा. वितळलं की मनुका, दाणे मिसळा, साच्यात भरा आणि साचा दोनदा ओट्यावर आपटा, म्हणजे हवा निघते. फ्रीजमध्ये १५ मिनिटं पुरतात. फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल, तर रात्रीच्या गारठ्यात झाकून ठेवा. फक्त मुंग्यांपासून जपा.

आता आमची चूक ऐका. पहिल्या वर्षी आम्ही खालचं पाणी खळखळत ठेवलं आणि वर झाकण घातलं. झाकणावरची वाफ थेंब होऊन चॉकलेटात पडली. दोन मिनिटांत सगळ्याचा रवाळ, घट्ट गोळा! गटाच्या पैशांतून आणलेली लादी होती, सगळ्यांची तोंडं उतरली. तेव्हापासून आमचा नियम आहे : चमचा, साचा, हात, सगळं कोरडं आणि झाकण नाही. गोळा झालाच तर फेकू नका. थोडं गरम दूध घालून ढवळा, बिस्किटांचा चुरा मिसळा, लाडू वळा. पण त्यात दूध आहे, म्हणून ते विकू नका. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत घरीच संपवा.

आता हिशोब. वरच्या साहित्यात १० ग्रॅमचे सुमारे ६० नग होतात, म्हणजे सहा-सहाचे १० डबे. समजा, साहित्य २२० रुपये, कागद-डबे ८०, गॅस आणि जाणं-येणं २०. झाले ३२०. डबा ३२ रुपयांना पडला, ४० ला विकला, आठ सुटले, असं आम्हीही म्हणायचो. पण दोघींनी एकेक तास काम केलं, त्याचं काय? तासाला ५० धरले तर आणखी १०० रुपये. म्हणजे डबा पडला ४२ ला, आणि आपण विकला ४० ला! दोन रुपये आपणच घातले. म्हणून मजुरी आधी लिहा, भाव मग ठरवा. भाव तुमच्या बाजाराचे घाला, रीत हीच ठेवा.

विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. डब्यावर नाव-पत्ता, घटक, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावं, हिरवी खूण आणि नोंदणी क्रमांक लिहा. शेंगदाणे आहेत हे ठळक लिहा, काहींना ते सोसत नाहीत. आणि कंपाउंडला कंपाउंडच म्हणा. खरं सांगितलं की गिऱ्हाईक पुढच्या नाताळलाही येतं.

पहिल्यांदा एकच लादी आणा, घरी करून पाहा, मुलांना चाखू द्या. मग ऑर्डर घ्या. नाताळच्या आगाऊ शुभेच्छा!