रिसेप्टर बंद करायचा, की चालू ठेवायचा?

१९६९ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचलं. चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो, ते हेच. काही तासांत पिल्लांच्या हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशी फुगून मेल्या. अमेरिकेतल्या कंपन्यांनी बाळांच्या तयार आहारातून हा पदार्थ काढून टाकला. (मोठ्या माणसाच्या खाण्यातलं ग्लुटामेट मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही, तेव्हा गाडीवाल्याला बोल लावू नये.) पण खरी खळबळ वेगळीच होती. ज्या रसायनावर मेंदूचा रोजचा व्यवहार चालतो, तेच जास्त झालं की पेशीच्या जिवावर उठतं.

पक्षाघाताशी याचा धागा जुळला तो १९८४च्या सुमारास. रक्तपुरवठा तुटला की मेंदूत ग्लुटामेट अनेक पटींनी वाढतं, हे कोपनहेगनमध्ये उंदरांवर मोजलं गेलं. त्याच वर्षी रॉजर सायमन, ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी ग्लुटामेट पेशीवर जिथे जोडलं जातं तो एनएमडीए नावाचा रिसेप्टर औषधाने अडवून उंदरांच्या पेशी वाचवून दाखवल्या. या रिसेप्टरच्या छिद्रात एरवी मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो, हेही तेव्हाच कळलं. रक्त थांबलं की पेशीची ऊर्जा संपते, तिचा विद्युतभार ढासळतो, मॅग्नेशियम निघून जातं आणि कॅल्शियम आत लोटतं. मग पेशीचीच विकरं तिला पोखरू लागतात.

उपाय उघड दिसत होता: रिसेप्टर बंद करा. नव्वदच्या दशकात औषध कंपन्या याच एका कल्पनेमागे धावल्या. सेल्फोटेल, ॲप्टिगॅनेल, गॅव्हेस्टिनेल. भूल देणारं केटामीनही याच रिसेप्टरला अडवतं, त्यामुळे सेल्फोटेल घेतलेल्या रुग्णांना भास होऊ लागले, ते बेचैन झाले, याचं नवल नको. त्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. गॅव्हेस्टिनेल त्यामानाने सोसवणारं होतं. पण १८०४ रुग्णांच्या चाचणीत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही.

औषध उशिरा दिलं, असं बऱ्याच जणांनी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या उंदराला झटका कधी येणार हे संशोधकाला आधीच ठाऊक असतं. माणूस मात्र सकाळी उठतो तोच तोंड वाकडं झालेलं असतं. म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियात रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम टोचून पाहिलं. १७०० रुग्ण, त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांशांना पहिल्या तासाच्या आत इंजेक्शन. २०१५ साली निकाल आला, फायदा शून्य. रक्तातलं मॅग्नेशियम मेंदूत शिरायला वेळ लावतं, हे खरं. तरी सगळा दोष घड्याळावर ढकलायची सोय आता उरली नव्हती.

माझ्या मते कोड्याचा मोठा तुकडा त्याआधीच, २००२ साली, सापडला होता. हिल्मार बाडिंग आणि जाइल्स हार्डिंगहॅम यांनी बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर दोन गोष्टी करून पाहिल्या. एकदा पेशींना आपसात नेहमीसारखे संदेश पाठवू दिले, म्हणजे फक्त सिनॅप्सच्या (दोन चेतापेशींमधल्या सांध्याच्या) आतले एनएमडीए रिसेप्टर उघडले. कॅल्शियमचा संकेत केंद्रकापर्यंत गेला, क्रेब नावाचं प्रथिन कामाला लागलं आणि पेशीला तगवणारी जनुकं चालू झाली. दुसऱ्यांदा ग्लुटामेट सरळ द्रवातच मिसळलं, म्हणजे सिनॅप्सबाहेरचे रिसेप्टरही उघडले. क्रेब बंद पडलं, मायटोकाँड्रिया कोसळले, पेशी मेल्या. रिसेप्टर तोच, आत येणारं कॅल्शियमही तेच. फरक फक्त जागेचा. नव्वदच्या दशकातली औषधं हा भेद करत नव्हती. मारेकऱ्याबरोबर राखणदारालाही ती अडवत होती, आणि झटक्यानंतर मेंदू सावरू लागतो त्या दिवसांत राखणदाराचीच गरज जास्त.

त्याच वर्षी टोरोंटोत मायकेल टिमियान्स्की यांच्या गटाने वेगळी वाट धरली. रिसेप्टर उघडाच ठेवायचा, फक्त त्याला आतून बिलगलेल्या पीएसडी-९५ या प्रथिनापासून त्याला तोडायचं, म्हणजे घातक निरोप पुढे जात नाही. त्यातून नेरिनेटाइड आलं. २०२०च्या चाचणीत ११०५ रुग्णांची गुठळी कॅथेटरने काढताना ते दिलं. एकूण फायदा नाही. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज ज्यांना दिलं नव्हतं, त्यांच्यात मात्र सुधारणा दिसली. अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लाझ्मिन नेरिनेटाइडलाच कापून टाकतं, असा उलगडा झाला. मग अल्टेप्लेज न दिलेलेच रुग्ण घेऊन नवी चाचणी केली. तीही फसली.

सध्या भारतात चर्चा आहे ती सोवाटेल्टाइडची. अनिल गुलाटी यांनी पुढे आणलेलं हे औषध काहीच बंद करत नाही. उलट एंडोथेलिन-बी हा दुसराच रिसेप्टर ते चालू करतं. २०२३ साली त्याला इथे मान्यता मिळाली, आणि मुंबईच्या सन फार्माने ते बाजारात आणलं. झटक्यानंतर २४ तासांपर्यंत सुरू करता येतं, ही आपल्याकडच्या गावोगावच्या रुग्णांसाठी मोठी गोष्ट. पण तिसऱ्या टप्प्यातली भारतीय चाचणी १५८ रुग्णांची होती. गॅव्हेस्टिनेलचा फोलपणा सिद्ध व्हायला १८०४ लागले होते, तेव्हा मोठ्या चाचणीचे आकडे हाती येईपर्यंत मी तरी हात आखडूनच टाळ्या वाजवीन.