पाटाच्या पाण्यावर वाढलेली सुमेरची संस्कृती

जगातील अगदी पहिली नगरे जेथे वसली तेथे पिकापुरता पाऊस पडत नव्हता, ही गोष्ट प्रथम ऐकताना नवलाची वाटते. आजच्या इराकच्या दक्षिणेकडील सखल प्रदेशात वर्षाकाठी आठ इंचही पाऊस होत नाही. तेथे दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातूही नाहीत. तैग्रिस व युफ्रेटिस या दोन नद्यांनी आणलेला गाळ, बोरूची बेटे आणि वाहते पाणी एवढेच काय ते भांडवल होते. त्यावर सुमेरच्या लोकांनी आपली संस्कृती उभारली.

या नद्या गाळ टाकीत वाहतात, त्यामुळे त्यांची पात्रे आसपासच्या जमिनीहून उंच होत जातात. काठ फोडला की पाणी आपोआप शेताकडे धावते. ही सोय मोठी खरी, पण पूर येतो तो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे हिवाळी पीक काढणीला आलेले असताना. पेरणीच्या वेळी नदी रोडावलेली असते. म्हणून पुरापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी बांध घालणे, पेरणीसाठी पाट काढणे आणि दरवर्षी त्यांतील गाळ उपसणे ही कामे अटळ झाली. ती एका घरच्या माणसांनी होण्याजोगी नव्हती. तथापि कालव्यांमुळेच राजसत्ता जन्मली, असे म्हणणे घाईचे होईल. आरंभीचे पाट लहान होते व गावे ते आपसांतच सांभाळीत असावीत, असे आता अनेक संशोधक मानतात.

शेतात पिकलेले धान्य खाऊन उरू लागले, तेव्हा कुंभार, विणकर, पुजारी व कारकून यांना नगरात राहणे शक्य झाले. इ. स. पूर्व ३१०० च्या सुमारास उरुक हे नगर सुमारे २५० हेक्टर, म्हणजे सहाशे एकरांहून अधिक जागेवर पसरले होते. लेखनकलेचा उगमही येथलाच. ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा उमटवीत. त्या पाट्यांवर प्रथम काव्य वा धर्मकथा नव्हत्या. होता तो जव, मेंढ्या व मजुरांच्या शिध्याचा हिशेब. लेखणी प्रथम कोठाराच्या दाराशी उचलली गेली, हे कृषिकार्यात गुंतलेल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सुमेरी शेतकऱ्याचे औत पाहिले तर आपल्याकडील शेतकऱ्यास ते परके वाटणार नाही. नांगराला वर चाडे व खाली नळी जोडून बी थेट तासात सोडीत. प्राचीन मुद्रांवर त्याची चित्रे कोरलेली आढळतात. बापाने मुलाला केलेला शेतीचा उपदेशही सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या पाट्यांवर मिळाला आहे. पाणी सोडल्यावर बांधांवर लक्ष ठेवावे, बी दोन बोटे खोल पडते की नाही ते पाहावे, उगवत्या पिकावरून पाखरे हाकावीत आणि पीक वाढेल तसतशा पाण्याच्या पाळ्या द्याव्यात, अशा सूचना त्यात आहेत.

मग पाण्यावरून तंटे झाले, यात आश्चर्य नाही. लगाश व उम्मा या शेजारच्या नगरांत सीमेवरील शिवार आणि तेथील पाटाचे पाणी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या युद्धे झाली. इ. स. पूर्व २४५० च्या सुमाराचा लगाशच्या विजयाचा शिलालेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पुढे लगाशचा राजा एन्तेमेना याने तैग्रिसकडून मोठा कालवा आणला. पाणी मुबलक झाले. पण आलेल्या पाण्याला जाण्यास वाट नव्हती.

प्रदेश सपाट, जमीन भारी आणि ऊन कडक. दिलेले पाणी खाली साठून भूजल वर चढते, केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येते आणि आटताना क्षार मागे ठेवते. जेकबसन व अ‍ॅडम्स या संशोधकांनी १९५८ साली जुन्या हिशेबांवरून असे मांडले की, इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास गहू व जव जवळजवळ सारखेच पिकत, इ. स. पूर्व २४०० पर्यंत गव्हाचा वाटा सहाव्या हिश्शावर आला आणि इ. स. पूर्व १७०० पर्यंत त्या भागात गहू नाहीसाच झाला. क्षार गव्हापेक्षा जवाला अधिक सोसतात. जुनी मापे वाचण्यावरून पुढे मतभेद झाले. १९८५ मध्ये पॉवेल यांनी या अनुमानांवर कडक टीका केली. जमीन खारावत होती हे मात्र जुन्या लेखांतूनही दिसते.

शेतकऱ्यांजवळ यावर एक उपाय होता. एक वर्ष पीक, एक वर्ष पड, अशी त्यांची रीत असे. पडीत रानात जवासा व शमीच्या गोत्रातील एक काटेरी झुडूप माजे. त्यांची खोल मुळे खालची ओल शोषून घेत आणि भूजल उतरे. अधिक धान्याच्या हव्यासाने पड मोडली की ही आपोआप होणारी दुरुस्ती थांबे.

नाईलच्या खोऱ्यात याउलट घडले. तेथे पूर पेरणीच्या आधी येई, क्षार धुऊन नेई आणि ओसरताना भूजलही खाली नेई. म्हणून ती जमीन हजारो वर्षे टिकली. आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर तो पूर थांबला आणि इजिप्तला लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याचे नळ घालावे लागले. इराकनेही दोन नद्यांच्या मधून क्षारयुक्त पाणी समुद्राकडे नेणारा ५६५ किलोमीटर लांबीचा निचरा कालवा १९९२ मध्ये पूर्ण केला.

महाराष्ट्रातही हा अनुभव आलेला आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच त्याखालील काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. कृष्णाकाठच्या उसाच्या शिवारातही तेच दिसते. लाभक्षेत्रातील कार्यकर्त्याने विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात, मोजून नोंदवावी. पाणी जमिनीपासून पाच फुटांच्या आत आले असेल, तर पांढरा फेर दिसण्याची वाट न पाहता ओढ्यापर्यंत उतार देऊन चर काढण्याचे काम शेजारच्या सर्व खातेदारांनी मिळून हाती घ्यावे. चोपण जमिनीस जिप्सम व धैंच्याचे हिरवळीचे खत अवश्य द्यावे, पण ते चर वाहू लागल्यानंतर. त्याआधी घातलेले जिप्सम बहुतांशी वाया जाते.