हात लावण्यास मनाई नाही

धान्याच्या पेढीवर सारी हयात घालविलेल्या मनुष्याने कलेविषयी लिहावे हे अनेकांस नवल वाटेल. संपादक मंडळाने लेखाची मागणी केली, तेव्हा मलाही तसेच वाटले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चित्रातले मला काही कळत नाही. परंतु धान्याचा व्यापारी एक गोष्ट जाणतो, व ती म्हणजे हाताची पारख. ओलावा मोजण्याची यंत्रे आता पेठेत आली आहेत. तथापि पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्यावाचून आणि तांदळाचा दाणा दाताखाली मोडल्यावाचून आमचा सौदा पुरा होत नाही. डोळ्यांस जो माल उत्तम दिसतो, तो आतून थंड व दमट आहे हे बोटेच सांगतात.

या पारखीचा आणि कलेचा संबंध काय, हे मला जोयडा तालुक्यातील कुंभारवाडा या गावी उमगले. तो अनुभव बंधू-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. आपल्या देशातील कलादालने व संग्रहालये उभी राहिली, त्यांत व्यापारी व उद्योजक वर्गाच्या द्रव्याचा वाटा मोठा आहे. मुंबईतील जहांगीर कलादालन 1952 साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. डॉ. होमी भाभा आणि चित्रकार के. के. हेब्बर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. हे हेब्बर मूळचे आपल्याच कर्नाटकाच्या किनारपट्टीचे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांस खुले झाले. पुढे त्यास जीर्णावस्था आली, तेव्हा 2003 पासून महानगरपालिका, इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला व 2008 साली ते पुन्हा उघडले. वर्ध्याच्या एका व्यापारी घराण्याचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा.

भिंती अशा उभ्या राहिल्या. परंतु उंबरठा पुष्कळांस उंचच राहिला. तरुणपणी मी मुंबईचे मोठे संग्रहालय पाहिले, तेव्हा ठिकठिकाणी ‘हात लावू नये’ अशा पाट्या होत्या. त्यांत गैर काही नाही. हाताच्या घामाने जुनी वस्तू बिघडते, तिचे रक्षण झालेच पाहिजे. मात्र ज्यास दृष्टी नाही, त्याच्यासाठी ती पाटी म्हणजे बंद दरवाजाच होय. ही उणीव ध्यानी घेऊन दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने 2015 साली ‘अनुभव’ नावाचे दालन उघडले. तेथील प्रतिकृती स्पर्श करून पाहावयाच्या असतात. त्याच वर्षी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने एका बसमध्ये फिरते संग्रहालय सिद्ध केले. जे लोक संग्रहालयापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या गावी व शाळेत संग्रहालयानेच जावे, असा त्यामागचा विचार. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यानेही कला व संस्कृती त्यांच्या आवाक्यात आणणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. याच विचारातून आता कलादालने सर्वांसाठी कार्यशाळा भरवितात. तेथे केवळ चित्रे पाहावयाची नसतात, तर डोळस व अंध, ऐकणारे व न ऐकणारे, मुले व वृद्ध यांनी एकत्र बसून स्वहस्ते काही घडवावयाचे असते.

आता कुंभारवाड्याकडे वळू. आमची पेढी बेळगावच्या रविवार पेठेत आहे. जोयडा तालुक्यातील दुकानदारांशी तीस वर्षांहून अधिक काळ आमचा व्यवहार असल्यामुळे खानापूर, रामनगर, जोयडा असा मार्ग आक्रमीत मी वसुलीस जातो. हा तालुका पूर्वी सुपा नावाने ओळखला जाई. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्यास आल्या. कुंभारवाडा हे गाव जोयड्याहून उळवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात आहे. कुणबी लोकांची या भागात वस्ती असून भात आणि नाना प्रकारचे कंद पिकविण्यात त्यांचा हातखंडा आहे. अशा गावातील माणूस मुंबई-बंगळूरच्या कलादालनात केव्हा जाणार?

काही वर्षांपूर्वी एका कलादालनाच्या वतीने चार तरुण चित्रकार त्या गावी दोन दिवसांची कार्यशाळा घेण्यास निघाले होते. त्यांना खानापूरची माती न्यावयाची होती. खानापूरची माती कुंभारकामास उत्तम. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी संस्थाही तेथे आहे. आमचा ट्रक त्याच वाटेने जाणार होता, म्हणून तांदळाच्या पोत्यांसमवेत मातीचे गोळेही गेले. मी मात्र एक अट घातली. मी खर्चास हातभार लावीन, परंतु स्पर्धा घ्यावी व पहिल्या तीन क्रमांकांस माझ्या हस्ते बक्षिसे द्यावीत. व्यापारी स्वभाव! माल आला की त्याची प्रत लावलीच पाहिजे.

परिणाम असा झाला की, वृद्ध स्त्रिया ‘हे शाळेच्या पोरांचे काम’ म्हणून दुपारीच उठून गेल्या. सुगी चालू होती. दोन दिवसांचा रोज बुडवून येणे मजुरांस शक्य नव्हते. बक्षिसे वाटून झाल्यावर मला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी दिसली. तिचा उजवा हात जन्मतः दुबळा होता. डाव्या हाताने तिने मातीचे पाखरू केले होते, पण ते फ्रॉकच्या घोळात लपवून ती खांबाआड उभी होती. मी ते पाहावयास मागितले, तेव्हा तिने ते हळूच मोडून टाकले. त्या दिवशीचा तोटा माझ्या वहीत कोठेही लिहिलेला नाही. परंतु तो माझ्यामुळेच झाला, हे मी जाणतो.

दुसऱ्या वर्षी मी चित्रकारांस म्हटले, “तुम्ही सांगाल तसे करू.” कार्यशाळा सुगी आटोपल्यावर ठेवली. बक्षिसे नाहीत. शेजारच्या हल्याळ तालुक्यातून दोन सिद्दी स्त्रियांस बोलाविले, त्या शिकण्यासाठी नव्हे तर शिकविण्यासाठी. आणि त्यांस शिक्षिका म्हणून पूर्ण मेहनताना दिला. सिद्दी लोक हे पोर्तुगीज काळात गोव्यामार्गे आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात. शिवण कडेच्या एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि चोहोबाजूंनी फिरत मध्यभागी येऊन मिळते. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावल्याखेरीज ती पूर्ण मानीत नाहीत. या कवंदांचे प्रदर्शन 2011 साली न्यूयॉर्क येथे भरले होते. त्यापूर्वी 2004 साली अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने या स्त्रियांची सहकारी संस्था निघाली होती. मी मात्र या भागात तीस वर्षे जात असून अशा गोधडीवर अनेकदा बसलो, आणि तिच्याकडे एकदाही नीट पाहिले नाही!

त्या दोन दिवसांत शाळेच्या पडवीत एकतीस माणसे बसली. गोधडीभोवती बायका व मुले मिळून टाके घालीत होती. ज्या मुलास ऐकू येत नव्हते, त्यास शिकविणाऱ्या बाईंच्या समोर बसविले होते. तो हातांकडे पाहून इतरांआधी शिकला. दृष्टी गेलेले एक वृद्ध गृहस्थ मातीपाशी आले. पूर्वी ते बांबूच्या टोपल्या विणीत. त्यांनी तासाभरात मातीची एक पायली घडविली. मला त्या मापाची सवय बालपणापासूनची, मी म्हटले, “आजोबा, माप थोडे मोठे झाले.” ते म्हणाले, “सावकार, वाळून भाजली की आवळेल. म्हणून बोटभर जास्त धरली.” माझ्या डोळ्यांना जे चुकलेले दिसले, ते त्यांच्या हातांनी पुढचे पाहून केले होते. भाजून आलेली ती पायली आज माझ्या पेढीवर गल्ल्याशेजारी आहे. तिचे मोल मी त्यांस विचारून दिले.

आणि ती मुलगी? ती दुसऱ्या वर्षीही आली. या वेळी तिने पाखरू मोडले नाही. गोणपाटावर सर्वांच्या वस्तू एका रांगेत मांडल्या होत्या, त्यांत तेही होते.

काही सभासद बंधू विचारतात, दोन दिवस मातीत खेळून कोणाचे पोट भरते? प्रश्न रास्त आहे. पोट भरावयास धान्यच लागते, हे मी नाकारले तर माझाच धंदा बुडेल. परंतु आपण अन्नदान करतो, वह्या-पुस्तके वाटतो, त्या वेळी देणारा उभा असतो व घेणारा हात पसरून असतो. त्या पडवीत मी प्रथमच देणाऱ्यांच्या नव्हे, तर शिकणाऱ्यांच्या पंक्तीत जमिनीवर बसलो. मी घातलेले टाके इतके वाकडे होते की, शिक्षिकाबाईंनी ते हसत हसत उसवले.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे की, आपल्या संघाने वार्षिक निधीतील थोडा अंश अशा कार्यशाळांसाठी राखावा. अटी चारच असाव्यात. वेळ कामकऱ्यांच्या सवडीची असावी. कारागिरास शिक्षकाचा मान व मेहनताना मिळावा. प्रत्येक वस्तू हाती घेऊन पाहता यावी. आणि क्रमांक लावू नयेत. नवा माल येण्यापूर्वी भाद्रपदात माझे एक गोदाम रिकामे असते. ते झाडून देण्याची व्यवस्था मी करीन. जोते उंच असल्यामुळे चाकाच्या खुर्चीसाठी उतरंडीचा लाकडी फळा लागेल. तोही मी सुतारास सांगून ठेविला आहे. ज्या बंधूंस व भगिनींस यावयाचे असेल, त्यांनी केवळ पाहुणे म्हणून न येता बाह्या सारून बसण्याच्या तयारीने यावे, ही विनंती.